सोमवारी बोलू, म्हणाला होतात

सर,

पत्राच्या पहिल्याच ओळीत काय हवंय ते लिहायचं, हा तुमचा नियम. ख्यालीखुशाली, हवापाणी सगळं मागाहून. आधी मुद्दा. गेले काही दिवस मी कागद घेऊन बसतेय आणि पहिली ओळ काही सुचत नाहीये. मला काय हवंय ते मला माहीत नाही. तुम्ही गेलात एवढं माहीत आहे. रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून उत्तनच्या घरी आलात, ओट्यावर बसलात, छातीत कळ येते म्हणालात आणि गाडी भाईंदरला पोचायच्या आत संपलात. तुमच्या मुलीने, मारियाने, फोनवर हे सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हणाले. मग गॅसजवळ उभी राहिले आणि कुकरची शेवटची शिटी व्हायची वाट बघितली.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणतात, धक्का बसलाय, एकदा मोकळी हो. धक्काबिक्का काही नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, जागेवर असतो पण आपला नसतो, तशी मी सगळी झालेय. जेवते, झोपते, भाजीवाल्याशी घासाघीसही करते. परवा दोन जुड्या मेथी घेऊन आले आणि घरी आल्यावर आठवलं की मेथी आदल्याच दिवशी आणली होती.

तुमच्या मातीला मी आले होते. तुम्ही सोमवारी बोलू म्हणाला होतात, आणि सोमवारीच तुम्हाला चर्चमागच्या जागेत ठेवलं. वाटेत बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, नेहमीसारखे. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, मीही टाकली, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं सांगू? फळा पुसायचा डस्टर कपाटात ठेवला की सोसायटीच्या ऑफिसात राहिला, हे. एवढा एकच विचार, घोळून घोळून. फादर काय बोलले, एक शब्द आठवत नाही.

आपला इंग्रजीचा वर्गही आला होता. अस्लमभाई काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून तसाच आला होता, कोपरापर्यंत ग्रीस. शांती नगरच्या हंसाबेन पांढरी साडी नेसून आल्या होत्या. दोघांनी मिळून हार आणला होता आणि हाराला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद लावला होता. तुमच्या बायकोने, मोनिका आंटींनी, माझा हात धरला. "काय लिवलंय गं यांनी? मना वाचून दाखव." मी वाचलं. रिस्पेक्टेड सर. मग पट्टीने अधोरेखित केलेली ओळ, सब्जेक्ट : युअर डेथ. खाली : वी हॅव रिसीव्ड द न्यूज. वी आर नॉट सॅटिस्फाइड. आणि सगळ्यांच्या सह्या, सह्यांखाली कंसात नावं, तुम्ही शिकवलंत तशी.

त्या आठवड्यात तक्रारीचं पत्र चाललं होतं ना. बिचाऱ्यांना तेवढंच येत होतं. शोकाचं पत्र आपण अजून शिकवलंच नव्हतं. आंटींना मी मराठीत सांगितलं, "सर, तुम्ही गेल्याची बातमी मिळाली. आमचं समाधान झालेलं नाही." आंटी म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. माजं पन न्हाय झालं." तो कागद त्यांनी तुमच्याबरोबर ठेवायला लावला. तुम्ही मार्जिन तपासली असेल, मला खात्री आहे.

आपली गाठ पत्रामुळेच पडली. मारिया माझ्याच शाळेत शिकवायची. मी शाळा सोडायचं ठरवलं तेव्हा चांगला तीन पानी राजीनामा लिहिला होता. त्यात सगळ्यांची माफी होती आणि सगळ्यांची उणीदुणीही होती. मारियाने तो तुम्हाला दाखवला. तुम्ही रिटायर होऊन घरी बसलेले. फोर्टातल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांची पत्रं लिहिलेली. तुम्ही माझ्या तीन पानांच्या दोन ओळी केल्यात आणि निरोप पाठवलात, "त्या बायला सांग, जाताना दार लावायचं असतं, आपटायचंही नाही आणि त्याच्यामागं उभं राहून रडायचंही नाही." मला इतका राग आला होता. पण दिला मी तो दोन ओळींचाच. त्या दिवशी शाळेच्या गेटबाहेर पडताना पाठीत जो ताठपणा होता तो तुमचा होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आभारही मानले नाहीत. आपल्यात भांडायचीच पद्धत पडली.

मग जेसल पार्कच्या त्या सोसायटीची खालची खोली मिळाली, जिथे गुरुवारी भजन असतं आणि सोमवार ते शुक्रवारच्या बाकीच्या संध्याकाळी आपण. मोठ्या माणसांसाठी इंग्रजी. व्याकरण माझं, पत्रव्यवहार तुमचा. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायचे, हा माणूस माझा भाऊ आहे, हा टेम्पो चालवतो, आणि ती 'हू' घालून जोडून दाखवायचे. तुम्ही खिडकीपाशी बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायचात, "शेपट्या कशाला लावते बाय? दोन सुटी वाक्यं काय वाईट हायत?" मी म्हणायचे, सर, जगात माणसं पुष्कळ आहेत, त्यातला नेमका कुठला ते सांगायला नको? आपल्या मराठीत नाही का, ज्याचं जळतं त्याला कळतं. कोणाला कळतं? ज्याचं जळतं, त्यालाच. सगळ्यांना नाही. वर्ग माना डोलवायचा. तुम्ही म्हणायचात, "बरं. पण पत्रात एकापेक्षा जास्त शेपट्या दिसल्या तर मी कापणार."

आणि कापायचातच. वर्गात लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. हंसाबेन एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "मॅडम, सर के साथ एडजस्ट कर लो ने, बुजुर्ग छे." मी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सुक्या जवळ्याची पिशवी आणून माझ्या टेबलावर ठेवलीत, तहाची भेट म्हणून. हंसाबेननी त्या दिवशी वासाने खुर्ची पार दारात नेली.

तुमच्या दोन खुर्च्या. पत्र वहीत ठेवायचं नाही, ही तुमची जगावेगळी पद्धत. लिहून झालं की समोरासमोर दोन खुर्च्या मांडायच्या, एकीवर लिहिणारा, दुसरीवर ज्याला लिहिलं तो. तो म्हणजे बहुधा तुम्हीच. बँकेचे मॅनेजर, शाळेच्या प्रिन्सिपल, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे तुम्ही. कोणी उभं राहून वाचायला लागलं की तुम्ही ऐकूनच घ्यायचा नाहीत. "बसा. उभं राहून फक्त शिक्षा भोगतात." सोसायटीने कौतुकाने एक गोल फिरणारी खुर्ची दिली, ती तुम्ही कोपऱ्यात सरकवलीत, कारण ती दुसरीपेक्षा उंच होती. पत्र वाचून झालं की तुम्ही चष्मा खाली घेऊन इतकं खडूस तोंड करायचात की पहिल्यांदा मीच घाबरले होते. "मग? मी काय करू?" आणि समोरच्याने विनवण्या न करता उत्तर द्यायचं. अस्लमभाई एकदा भडकला होता, "अरे साहब, पहले पढ़ो तो सही." तुम्ही खूश होऊन टाळी वाजवलीत. "हेच इंग्रजीत सांग."

विनवण्या तुम्हाला खपायच्या नाहीत. हम्बली गेलं, काइंडली गेलं, युअर गुड सेल्फ तर तुम्ही लाल पेनने असं खोडायचात की कागद फाटायचा. मी म्हणायचे, सर, ही माणसं रोज ज्यांच्यासमोर उभी राहतात ते काही खुर्ची देत नाहीत. नुसतं कागदावर बसून काय होणार? तुमचं म्हणणं, कुठेतरी बसायची सवय लागू दे. हा वाद आपण इतक्या वेळा घातला की वर्गाला तो पाठ होता.

मग वंदनाचं झालं.

वंदना आपल्याकडची सगळ्यात जुनी. गुहागरकडची, काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये माल पाठवायच्या नोंदी ठेवणारी. तिला रात्रपाळी लावली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, रात्री दुसरं कोणी नाही. तिने दिवसपाळी मागणारं पत्र लिहिलं. माझ्याशी बोलून लिहिलं होतं : आय अ‍ॅम अ पुअर लेडी, आय बेग यू विथ फोल्डेड हँड्स. तुम्ही ते वाचलंत आणि तिला विचारलंत, "हात जोडले तर पत्र कशाने धरणार?" वर्ग हसला. वंदनाही हसली. तुमचं पत्र चार ओळींचं झालं. मला अमुक तारखेपासून दिवसपाळी हवी आहे. कारण हे. काम तेवढंच होईल. आपला होकार कळवावा. खुर्चीत बसून तिने ते इतकं झकास वाचलं की तुम्हाला खडूस तोंड करणं जमलं नाही.

गोडाऊनच्या मॅनेजरला जमलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "बहुत इंग्लिश आ गया है आपको. तो कोई अच्छी जगह ढूँढ लो." शुक्रवारी वंदना वर्गात आली ती रिकामा डबा घेऊन. तो तिच्या गोडाऊनमधल्या खणात असायचा, आता तो खण तिचा राहिला नव्हता.

सगळे गेल्यावर मी तुम्हाला बोलले. काय बोलले ते मला नीट आठवतंय. तुमच्या ताठ मानेची किंमत तिने भरली, असं बोलले. तुम्हाला पेन्शन आहे, उत्तनला घर आहे, विहीर आहे, तुम्हाला ताठ मान परवडते. ज्याचं जळतं त्याला कळतं, सर, असंही बोलले, आणि हे बोलताना मला बरं वाटलं. मी ते शब्द मागे घेत नाही. आजही नाही. तुम्ही जिवंत असतात तर पुन्हा बोलले असते, मेलात म्हणून माझं म्हणणं बदलत नाही.

तुम्ही खुर्च्या एकात एक अडकवत होतात. थांबलात. रागावलात की तुमचं ऑफिसातलं मराठी सुटायचं आणि गावचं यायचं. "न्हाय बाय," तुम्ही म्हणालात, "तसं न्हाय ते. माज्याकडं याचं उत्तर हाय. आता तू तापलीस. सोमवारी बोलू." आणि छत्री उचलून बस पकडायला गेलात.

काय उत्तर होतं, सर?

सातव्या दिवसाच्या मिस्सेला आले तेव्हा मी आंटींना विचारलं. सर शनिवारी काही बोलले का, वर्गाबद्दल, माझ्याबद्दल? आंटी आठवू लागल्या. शनिवारी तुम्ही विहिरीची कप्पी दुरुस्त केलीत. सुरमईचं कालवण केलं होतं, ते खारट झालं म्हणालात. दुपारी झोपलात. "क्लासचं तो घरी बोलायचाच न्हाय," आंटी म्हणाल्या. "घरी आला का शर्ट काढून खुंटीला, इंग्रजी पन खुंटीला." मला हसू आलं आणि आंटींनाही. मग आंटींनी माझ्या ताटलीत आणखी भात वाढला. मी खाल्ला.

म्हणजे उत्तर कोणालाच माहीत नाही. मी मनातल्या मनात तुमच्या वतीने बरीच उत्तरं करून पाहिली. कदाचित तुम्ही म्हणाला असतात, हात जोडले असते तरी त्याने रात्रपाळीच ठेवली असती. कदाचित त्या मॅनेजरला भेटायला तुम्ही स्वतः जाणार होतात. कदाचित उत्तरच नव्हतं आणि तुम्हाला फक्त बस चुकवायची नव्हती. यातलं एकही तुमच्या आवाजात ऐकू येत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी वर्ग उघडला. का उघडला ते विचारू नका. किल्ली माझ्याकडे होती म्हणून उघडला. डस्टर कपाटातच होता. मला वाटलं होतं कोणी येणार नाही, तर सगळे आले आणि आपापल्या जागी बसले. खिडकीपाशी कोणी बसलं नाही. मी दुसरं काही सुचत नाही म्हणून फळ्यावर माझाच धडा लिहिला, वाक्यं जोडा. कोणी काही सांगायच्या आत सगळ्यांनी तुमच्यावरच वाक्यं केली. सर, हू वॉज व्हेरी स्ट्रिक्ट. सर, हूज अंब्रेला इज विथ मी. ती छत्री अस्लमभाईकडे आहे म्हणे, जुनी काळी, गेल्या पावसाळ्यापासून, आणि आता परत कोणाला करायची ते त्याला कळत नाहीये. मी म्हटलं, ठेवा. मी एकेकाचं वाक्य तपासत गेले. शेपट्या सगळ्यांच्या बरोबर होत्या.

वंदनाने काही लिहिलं नव्हतं. तास संपताना तिने वही पुढे केली. काशीमीऱ्याच्याच एका हॉटेलात स्टोअर सांभाळायला माणूस हवाय, उद्या अर्ज द्यायचाय.

"मॅडम, कसं लिहू?" ती म्हणाली. "सरांसारखं का तुमच्यासारखं?"

उठलेले पुन्हा खाली बसले, सर. सगळ्यांना तो वाद पाठ होता ना. मी तिला विचारलं, "तुला सरांचा राग नाही आला?"

"आलाय ना," वंदना म्हणाली. "आत्ता पण आहे. सासूला रात्री औषध द्यायला मी घरी असते हे खरं, पण कामच नाहीये तर औषध आणू कुठून? सर समोर असते ना, तर तोंडावर बोलली असती. आता कोणाला बोलू?"

मला जिंकायची इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. समोर तुम्ही नव्हतात. मी "माझ्यासारखं लिही" म्हटलं असतं की विषय संपला असता, हॉटेलवाल्याला दोन हम्बली आणि एक काइंडली गेलं असतं. पण तुमची बाजू मांडायला खोलीत कोणी नव्हतं, आणि एकतर्फी भांडायची मला सवय नाही. म्हणून तुमची बाजू मी मांडली. हात जोडले तर पत्र कशाने धरणार, असं मीच तिला विचारलं. वंदना माझ्याशी वाद घालू लागली, माझेच मुद्दे काढून, बोट नाचवून. अस्लमभाई मध्येच तुमच्या बाजूने पडला. हंसाबेन माझ्या. थोडा वेळ अगदी तुम्ही असतानाच्या वर्गासारखं वाटलं.

शेवटी तिने स्वतःच लिहिलं. चार ओळी, तुमच्यासारख्या. शेवटी एक प्लीज. "एवढं राहू दे मॅडम," ती म्हणाली. "हे काय गिडगिडणं नाही, हे मी शेजारणीला पण म्हणते." मी राहू दिलं. तुम्ही खोडलं असतंत. मग अस्लमभाईने कोणी न सांगता दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तुमच्या खुर्चीत बसले. वंदनाने वाचलं. मी म्हटलं, छान आहे. अस्लमभाई म्हणाला, "मॅडम, सर इतने शरीफ नहीं थे."

म्हणून मी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "मग? मी काय करू?"

ते तुमचंच निघालं, सर. तोच सूर, तीच मान वाकडी. कोणी हसलं नाही. वंदनाने पदर सारखा केला, खुर्चीत मागे टेकून बसली आणि म्हणाली, "यू कॅन गिव्ह मी द जॉब." हॉटेलवाल्यांनी कळवतो म्हणून सांगितलंय. अजून कळवलेलं नाही. तिला ती नोकरी मिळाली म्हणून तुमचं खरं ठरणार नाही आणि नाही मिळाली म्हणून माझं ठरणार नाही, एवढं मला आता समजतंय. कदाचित तेच तुमचं उत्तर होतं. कदाचित नव्हतं.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या एकात एक अडकवल्या. अडकवता अडकवता मला पहिली ओळ सुचली. इतके दिवस सुचत नव्हती कारण मी दुसरंच मागत होते, उत्तर मागत होते. उत्तर नको मला. तुमच्या नियमाने सरळ लिहिते, एकही शेपूट न लावता :

सर, मला तुम्ही परत हवे आहात.

लिहिलं. वाचून पाहिलं. मार्जिन बरोबर आहे, मुद्दा पहिल्या ओळीत आहे, विनवणी कुठे नाही. आणि हे ताठ, स्वच्छ पत्र घेऊन मी कुठे जाऊ, कोणासमोर खुर्ची मांडू? ज्याचं जळतं त्याला कळतं, हे तुम्हाला ऐकवताना मला वाटलं होतं की मला कळतं. मला तेव्हा काही कळत नव्हतं. म्हणून आता एकदाच नियम मोडते. भांडण तुम्ही जिंका, माझ्या सगळ्या शेपट्या कापा, वंदनाचं प्लीजसुद्धा खोडा. फक्त या येत्या सोमवारी. हम्बली, काइंडली, जे जे तुम्ही लाल पेनने फाडलंत ते सगळं लावून मागते, सर. मी हात जोडलेत. पत्र पडलं तर पडू दे.

तुमची
नीलिमा